प्रथम क्रमांकाची जोड

आमच्या बेसमेंटमधला फेटा या वर्षी माझ्या डोक्यावरून गेला, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर रत्ना, म्हणजे माझी बायको, सगळ्या डब्लिनभर वेगळंच सांगत सुटेल. ती आत्ताच फोनवर कुणाला तरी "चेहरा बघायला हवा होता यांचा" असं म्हणत होती.

मी रवींद्र घोरपडे. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. मूळ गाव कागल, मुक्काम अमेरिकेतल्या ओहायोतलं डब्लिन. अठ्ठ्याहत्तर साली मॉरो स्टेट नावाच्या कॉलेजात एम.एस. करायला आलो आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमच्या नादी लागलो, तो आजतागायत. आमच्या गल्लीत सगळे मोठ्या युनिव्हर्सिटीचे भक्त आहेत. त्यांना आमची टीम ठाऊकही नसते. असू दे. सीझन बरा गेला की आमच्या टीमलाही शेवटी एक मोठा सामना मिळतो, त्याला बोल गेम म्हणतात. गेल्या अठरा वर्षांत आम्हाला असे आठ मिळाले, त्यातले सहा आम्ही हरलो. तरी प्रत्येक वेळी मी हँडबिल काढलं.

हे हँडबिल माझं. आमच्याकडे उरुसात कुस्त्यांचं मैदान भरायचं, त्याच्या आठ दिवस आधी भिंतीभिंतीवर जोड्या झळकायच्या. प्रथम क्रमांकाची कुस्ती अमका विरुद्ध तमका, मग द्वितीय, तृतीय, आणि सगळ्यात खाली वस्तादाचं नाव. वस्ताद म्हणजे तालीम चालवणारा, पोरांना घडवणारा. मी तसंच्या तसं करतो. पांढरा चार्ट पेपर, लाल मार्कर, आपल्या टीमचा कोण त्यांच्या टीमच्या कुणाला भिडणार अशा पाच जोड्या, आणि तळाशी "वस्ताद – रवींद्र घोरपडे". तालमीत घाम गाळलेला माणूस आहे मी, तेवढा मान मी घेतोच.

नियम साधे आहेत. गेमच्या आदल्या दुपारी सगळे आमच्या बेसमेंटमध्ये जमतात. प्रत्येक जोडीवर दोन बाजूंनी कुणीतरी उभं राहून, हँडबिलावर हात ठेवून, दोन मिनिटं बोलायचं. वेळ रत्ना लावते, ओव्हनच्या टायमरवर. प्रथम क्रमांकाच्या जोडीवर ज्याचं खरं ठरेल, त्याच्या डोक्याला कोल्हापुरी फेटा. वर्षभर तो त्याच्या घरी राहतो. आणि एखाद्या गड्याची बाजू घ्यायला कुणीच उठलं नाही, तर ती जोड हँडबिलावरून खोडायची. गेल्या दोन्ही वेळा फेटा माझा होता, त्यामुळे या वर्षी मी जरा तोऱ्यात होतो.

या वर्षी समोर टेक्सासची बेल्टन टेक होती. प्रथम क्रमांकाची जोड कुठली, यावर वादच नव्हता. त्यांचा डॅरियस कोल विरुद्ध आमचा वेड टॉबिन. ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, तेव्हा त्याची पाठ एका बाजूला उघडी पडते. ती पाठ राखायचं काम टॉबिनचं. आणि त्याला ओलांडून क्वार्टरबॅकला लोळवायचं काम कोलचं. अशा लोळवण्याला सॅक म्हणतात. कोलचे या सीझनला चौदा सॅक होते. टॉबिन एकोणीस वर्षांचा, पहिल्या वर्षाचा पोरगा. आमचा खरा गडी गुडघा मोडून बसला, म्हणून याला उभा केलेला.

"काका, डेटा बघा ना," निमिष लॅपटॉप उघडत म्हणाला. निमिष पुण्याचा, आयटीतला, माझ्यासारखाच मॉरो स्टेटचा. त्याने महिनाभर खपून एक शीट बनवलं होतं. "टॉबिननी फक्त तीन गेम स्टार्ट केलेत. माझ्या मॉडेलमध्ये त्याचा चान्स अकरा पर्सेंट येतोय. तोही मी जरा राउंड अप केलाय."

"पोरगा कोवळा आहे बाप्पा," चंद्रशेखर सोफ्यात रुतून बसला होता, तिथूनच बोलला. हा माझा जुना मित्र, नागपूरचा, निवृत्त भूलतज्ज्ञ. अर्धं शतक अमेरिकेत काढूनही त्याचं नागपूर सुटलेलं नाही. "कोल त्याला नाश्त्याला खाईल. मी कोलकडून."

"मीही कोलकडूनच," मी म्हणालो. "इमानदारीनं सांगायचं तर टीम आपली असली तरी डोळे गहाण टाकलेले नाहीत."

तिघंही एका बाजूला. पोराकडून बोलायला कुणी नाही. मी मार्कर उचलला आणि जोड खोडायला निघालो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काका, थांबा. पोरगा मी घेते."

निमिषची बायको, इशिता. हातात कोथिंबीर वड्यांचं ताट. तीन वर्षं ती आमच्याकडे येते, वड्या तळते, ताटं आणते, नेते. बोलते कमी. मला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की ती कराडकडची आहे आणि तिचा हात वड्यांना चांगला आहे.

"अगं, ही प्रथम क्रमांकाची आहे," मी समजावणीच्या सुरात म्हणालो. "तू पाचवी घे. किकरची. ती सोपी आहे." हा सूर आता आठवला की कानशिलं तापतात. पण बोललो खरा.

तिने ताट टेबलावर ठेवलं. दातात क्लिप धरून दोन्ही हातांनी केस वर गोळा केले आणि घट्ट बांधले. तिचे केस मी नेहमी मोकळेच पाहिले होते, खांद्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी पुढे आलेले. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा डावा कान दिसला. सुजून गठ्ठा झालेला, आतल्या वळ्या बुजलेल्या, वरची कड दुमडून घट्ट बसलेली.

असा कान जन्मतः मिळत नाही. मातीत आणि मॅटवर डोकी घासून घासून तो तसा होतो. आमच्या गावात असा कान असलेला माणूस एसटीत चढला की लोक आपणहून जागा करून द्यायचे. आणि मी या बाईला तीन वर्षं वड्या तळायला लावत होतो. माझ्या हातातला मार्कर तसाच राहिला.

"काकू, टायमर," ती म्हणाली, आणि हँडबिलावर हात ठेवला.

"टॉबिन कुस्ती खेळलेला आहे. शाळेत चार वर्षं. त्याच्या उभं राहण्यातच कळतं, कंबर खाली, मान आखडलेली नाही. कोल तगडा आहे, पण त्याला एक खोड आहे. खाली हात टेकून बसतो ना, तेव्हा बाहेरून वळसा घालणार असेल तर त्याची मागची टाच उचललेली असते. आत घुसणार असेल तर टाच टेकते. सहा गेममध्ये मी बघितलं. चारपाच वेळा सोडलं तर दरवेळी. निमिष आकडे लिहीत होता, मी पाय बघत होते. टॉबिनला हे कुणी सांगितलं असेल की नाही, माहीत नाही. नसेल तर त्याला स्वतःला दिसेल, पण मार खाल्ल्यावर. कुस्तीगीर पहिले दोन डाव अंगावर घेतो. म्हणून माझं म्हणणं असं, की पहिल्या क्वार्टरमध्ये टॉबिन दोनदा हरेल. कोलचे दोन सॅक. त्यानंतर पूर्ण गेममध्ये एकही नाही."

टायमर वाजायला अजून पाऊण मिनिट होतं. 

"एकही नाही?" चंद्रशेखरने विचारलं. "हे जरा जास्तच नेमकं झालं ना."

"बघू या ना," ती म्हणाली.

"तू खेळायचीस?" मी विचारलं.

"पंचावन्न किलोत. राज्य स्पर्धेत दोनदा रौप्य. लग्नाआधी."

मी निमिषकडे वळलो. तो गोंधळून म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहितेय काका. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

खरंच नव्हतं विचारलं. भिंतीवर कुस्तीचं हँडबिल लावणारा मी.

मग रत्नाला राहवलं नाही. "सांग की त्यांना शाळेचं," ती इशिताला म्हणाली. इशिता नको नको म्हणत होती, पण रत्ना कुणाचं ऐकतेय. इथल्या हायस्कूलमध्ये मुलींची कुस्तीची टीम आहे. तेवीस मुली. त्यांचा कोच नोकरी बदलून गेला, आणि नवा मिळाला नाही तर टीम या वर्षीपुरती बंद ठेवणार होते. कुणीतरी इशिताचं नाव सुचवलं. शाळेने दोनदा फोन केला. तिचं वर्क परमिटही आलेलं होतं. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"कुस्ती सोडून ट्वेल्व्ह इयर्स झाले यार काका," निमिष म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, काळजीच होती. "उगाच तिथे जाऊन हसं व्हायला नको. मी तिला तेवढंच म्हणालो."

"त्याचं चुकत नाही," इशिता म्हणाली. "अंगातलं बळ गेलं तर परत कमावता येतं. पण कोचला डोळा लागतो. समोरच्याच्या पायात काय चाललंय, ते हालचाल व्हायच्या आधी दिसायला हवं. माझा डोळा राहिलाय की गेलाय, हेच मला कळत नव्हतं. म्हणून ही जोड घेतली. बरोबर आले तर शाळेला हो म्हणणार. चुकले तर त्या मुलींचं एक वर्ष मी वाया घालवणार नाही."

एवढं बोलून तिने ताट उचललं आणि सगळ्यांपुढे वड्या फिरवल्या. मी एक घेतली. फेटा गमावण्याची भीती मला तेव्हाही नव्हती असं म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी मी देवघरासमोर उभा राहून आमच्या टीमसाठी नाही, त्या टॉबिनसाठी हात जोडले.

गेम दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला होता. इशिता सोफ्यावर बसलीच नाही. टीव्हीपासून चार हातांवर, गालिच्यावर मांडी घालून बसली, केस कालच्यासारखेच बांधून.

पाचव्या मिनिटाला कोलने टॉबिनला बाहेरून असा चकवला, की पोरगा हवेलाच मिठी मारून राहिला. सॅक. चंद्रशेखरने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. क्वार्टर संपता संपता पुन्हा तेच, या वेळी आतून. टॉबिन चारी मुंड्या चीत आणि कोल त्याच्या अंगावरून चालत गेला. टीव्हीवरचा समालोचक त्या पोराची कीव करायला लागला.

"दोन झाले," निमिष म्हणाला. "तेवढं तर माझं मॉडेलपण म्हणत होतं."

 इशिता रिप्ले बघत होती. टॉबिन उठताना कोलच्या तोंडाकडे बघत नव्हता, खाली बघत होता. "बघितलंस का रे," ती पुटपुटली, टॉबिनला, आम्हाला नाही.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये कोल पहिल्यांदा आला तेव्हा टॉबिन त्याच्या आधी तिथे होता. एक पाऊल आत टाकून उभा, दोन्ही हात कोलच्या छातीवर. कोल थांबला. मग बाहेरून आला, तर पोरगा बाहेर. मी बोटांवर मोजायला लागलो. सहा वेळा आला, सहा वेळा अडला. हाफटाइमला निमिषने लॅपटॉप उघडला, काहीतरी बघितलं आणि मिटून ठेवला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये माझा जीव वर आला. कोल टॉबिनच्या काखेखालून निसटला आणि थेट क्वार्टरबॅकवर झेपावला. आमच्या क्वार्टरबॅकने कसाबसा चेंडू मैदानाबाहेर फेकून दिला.

"सॅक नाही, सॅक नाही," निमिष उठून उभा राहिला होता. काल ज्याने अकरा टक्के दिले तो आता पोराच्या बाजूने भांडत होता. "चेंडू हातातून सुटला होता. काउंट नाही होत."

"नाही होत," इशिता म्हणाली. "पण ती टाच मी चुकीची वाचली. खरं ते खरं." तिने गालिच्यावरच्या हाताची मूठ घट्ट आवळली होती. वाईट वाटलं मला. तिला थोडं खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो. अडतीस सेकंद उरलेले. बावीस यार्ड जायचं, आणि हा चौथा, म्हणजे शेवटचाच प्रयत्न. सॅक झाला तर गेम संपला, तिचं म्हणणं संपलं आणि शाळेचंही. रत्ना वरून झारा हातात घेऊन खाली आली ती जिन्यातच थांबली. चंद्रशेखर सोफ्यातून उठला होता, आणि तो एकदा बसला की सहसा उठत नाही.

दोन्ही टीम वाकल्या. कोलने हात जमिनीला टेकला.

"टेकली," इशिता म्हणाली, अगदी हळू. "टाच टेकली. आत येतोय. टॉबिन बाळा, आत ये, आत ये."

चेंडू हलला. कोल आत घुसला, आणि टॉबिन तिथे होता. नुसता उभा नव्हता. त्याने कोलला छातीशी घेतला, कंबर खाली घातली आणि त्याचाच जोर वापरून त्याला बाजूला नेऊन उताणा पाडला. कोलची पाठ लागली. जत्रेच्या मैदानात असती तर हलगी कडाडली असती. क्वार्टरबॅक मोकळा उभा होता, त्याच्या आसपास कुणी नव्हतं. त्याने शांतपणे बघितलं आणि फेकलं. कोपऱ्यात आमच्या गड्याने दोन्ही हातांत चेंडू धरला. टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि गेम आमचा.

पुढचं मला नीट आठवत नाही. चंद्रशेखरने मला मिठी मारली आणि त्याचा चष्मा माझ्या स्वेटरला अडकला. रत्ना झारा हलवत नाचत होती. निमिष बायकोसमोर गुडघ्यांवर बसला होता आणि "यू सॉ इट, यू सॉ इट बिफोर," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. इशिताने दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं. ती रडत होती, आणि आनंदाने रडत होती, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मीही डोळे पुसले. कशाला लपवू.

थोड्या वेळाने तिने फोन घेतला आणि जिन्यापाशी गेली. शनिवार होता, पलीकडे मशीनच असणार. "हाय, धिस इज इशिता," ती म्हणाली. "आय ॲम सेइंग येस. टेल द गर्ल्स प्रॅक्टिस मंडेला, सॉरी, ऑन मंडे." फोन ठेवला आणि पायरीवरच बसली.

मी खुंटीवरचा फेटा काढला. तिला खुर्चीवर बसवलं आणि बांधायला घेतला. कोल्हापुरी फेटा बांधणं ही माझ्या हातातली एकच खरी कला आहे. मी मुद्दाम वरून घेत गेलो, डावा कान पूर्ण बाहेर राहील असा. तिच्या ते लक्षात आलं. तिने कानाला एकदा हात लावला आणि तसाच राहू दिला.

"इशिता," मी मागे उभा राहूनच म्हणालो, तोंडावर बोलायचा धीर होत नव्हता, "मी तालमीत अकरा दिवस होतो. बाराव्या दिवशी पळून गेलो. पन्नास वर्षं लोकांना वेगळंच सांगतोय."

जिन्यावरून रत्नाचा "काय?" असा आवाज आला.

"मला माहीत होतं काका," इशिता म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तुमचे दोन्ही कान सरळ आहेत."

चंद्रशेखर हसून हसून पुन्हा सोफ्यात कोसळला. मी फेट्याचा तुरा नीट केला, मार्कर घेतला आणि भिंतीपाशी गेलो. हँडबिलाच्या तळाशी माझं नाव होतं, सवयीने जरा मोठ्याच अक्षरांत काढलेलं. त्यावर मी आडवी रेघ मारली. "वस्ताद" हा शब्द तसाच ठेवला आणि पुढे "इशिता" लिहिलं. आडनावापाशी हात थांबला.

"जगदाळे लिहा काका," निमिष मागून म्हणाला. "तिच्या मेडल्सच्या सर्टिफिकेटवर तेच आहे."

मी लिहिलं. मार्करची शाई संपत आली होती, म्हणून प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलं.